गौरजेची सपाट फणी

वालावलच्या गौरजेला खोटं बोलता येत नाही, असं तिच्या आईचं, आनंदीबाईंचं, ठाम मत होतं. आणि आनंदीबाईंचं मत म्हणजे सगळ्या वाडीचं मत. लहानपणी न विचारता डब्यातला लाडू खाल्ला तरी हिचे कान लाल व्हायचे म्हणे. आता गौरजा तिशी ओलांडलेली, कुडाळच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारी, स्कूटरवरून रोज ये-जा करणारी बाई. कान अजून लाल होतात की नाही ते कोणी बघायला जात नाही. ज्या माणसाबद्दल सगळ्यांची अशी खात्री असते, त्याची पुढे मोठी पंचाईत होते. त्याचं गप्प बसणंही लोक खरं धरून चालतात.

नोकरीबरोबर तिची पीएच.डी. चालली होती. गोव्यातल्या एका प्रयोगशाळेतले खानोलकर सर तिचे मार्गदर्शक. तिचा विषय ऐकला की वाडीतली माणसं 'हां हां' करून मान हलवत आणि सुपारीच्या भावाकडे वळत. तिचे वडील भाई मात्र, आयुष्यभर शाळामास्तर असल्यामुळे, समोरच्याला समजेपर्यंत सोडत नसत. लेसरचा प्रकाश म्हणजे एकच रंग, आलेखावर एकच रेघ. तो एका स्फटिकातून सोडायचा आणि त्या स्फटिकावरचा विजेचा दाब सेकंदाला हजार कोटी वेळा कमी-जास्त करायचा. प्रकाश त्या तालावर पुढेमागे झुलतो आणि बाहेर पडतो तेव्हा त्या एका रेघेच्या दोन्ही अंगांना नव्या रेघा उगवलेल्या असतात, सगळ्या सारख्या अंतरावर. फणीच्या दातांसारखं दिसतं, म्हणून तिला फणीच म्हणतात. स्फटिकाची ती डबी म्हणजे मॉड्युलेटर. असे तीन-चार मॉड्युलेटर एकामागे एक लावून त्यांचे दाब आणि ताल जुळवले की दात वाढत जातात. खरी मेख पुढेच आहे, असं भाई बोट वर करून सांगत. मधले दात उंच आणि कडेचे बुटके, अशी फणी कोणीही काढील. सगळे दात एका उंचीचे आले पाहिजेत, कारण एकेका दातावर वेगवेगळा संदेश लादून पाठवायचा असतो. बुटक्या दातावर काय लादणार?

यातलं काहीही गौरजेच्या हाताला लागत नसे. लेसर, स्फटिक, तारा हे सगळं तिच्याकडे समीकरणांत होतं, संगणकाच्या आत. कुठल्या मॉड्युलेटरला किती दाब द्यायचा, कुठला ताल किती मागे ठेवायचा, याचे हजारो मेळ तिचा प्रोग्रॅम चालवून बघे आणि त्यातला उत्तम निवडे. मग ते आकडे गोव्याला जात. तिथे खऱ्या टेबलावर खऱ्या मॉड्युलेटरना ते आकडे देऊन खरी फणी काढायचं काम प्रियांकाचं.

प्रियांका तारकर्लीची. वडील लवू होडीवर जाणारे, आई यमुनाबाई मालवणच्या बाजारात मासे विकणारी. एम.एस्सी.ला दोघी एका खोलीत राहिल्या, एका ताटात जेवल्या, आणि पुढे खानोलकर सरांकडे गेल्या त्याही एकीने दुसरीचा हात ओढून. वालावलवरून वाहणारी कर्ली तारकर्लीपाशी समुद्राला मिळते. तुम्ही वरची माणसं जे सोडता ते सगळं वाहत आमच्या दारात येतं, असं प्रियांका तिला चिडवायची. तेव्हा ती निव्वळ थट्टा होती.

आता चूक कशी झाली ते सांगायला हवं. संगणकाला लाट सलग दिसत नाही. तिच्यावरचे ठिपके घ्यावे लागतात. ठिपके जितके दाट, तितक्या लांबच्या दातांपर्यंत त्याची नजर पोचते. ठिपके विरळ घेतले, तर नजरेपलीकडचे दात नाहीसे होत नाहीत. पंगतीत जागा न मिळालेली माणसं मागच्या दाराने येऊन दुसऱ्याच्या पाटावर बसावीत, तसे ते उलट्या कडेने आत शिरतात आणि आतल्या दातांवर चढून बसतात. बुटक्या दातांची उंची त्यामुळे फुकटात वाढते. हे गौरजेला ठाऊक नव्हतं असं नाही. दरवर्षी ती हे फळ्यावर काढून शिकवायची, आणि शिकवताना दोनदा बजवायची.

पण वालावलात पाऊस लागला की लाईट जाते. कधी येईल ते देवाला विचारावं. घरचा इन्व्हर्टर जुना, त्याच्यावर पंखा आणि देवघरातला दिवा एवढाच भार झेपे. संगणक त्याच्यावर टाकला की जेमतेम अर्धा तास चालून तो डोळे मिटायचा. दाट ठिपक्यांवर प्रोग्रॅम पूर्ण व्हायला सबंध दिवस लागे, आणि सबंध दिवस लाईट टिकली असा दिवस त्या पावसाळ्यात उजाडला नाही. तीनचारदा काम अर्ध्यावर मेल्यावर गौरजेने ठिपके विरळ केले. आधी असा अंदाज घ्यायचा आणि सापडलेलं उत्तर मग दाट ठिपक्यांवर तपासायचं, असा तिचा बेत होता. बेत वाईट नव्हता. आमच्या भागात अर्धी कामं अशीच, लाईट आहे तोवर उरकून घेतात.

आणि एका दुपारी पडद्यावर फणी आली. सपाट. इस्त्री फिरवल्यासारखी. या कडेपासून त्या कडेपर्यंत एका उंचीचे दात. गौरजा खुर्चीतून उठली, पडवीत जाऊन आली, पुन्हा बघितलं, तरी तशीच. तिने तो आलेख सरांना पाठवला, प्रियांकाला पाठवला, आणि भाईंना उठवून दाखवला. भाईंनी संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला सांगितलं. सरांनी तो पुढे एका परिषदेत मांडला, त्याच्यावर नव्या प्रकल्पाचा प्रस्ताव उभा केला. कौतुकाचा असा लोंढा आल्यावर तपासणी राहून गेली. मुद्दाम नाही, पण राहिली. जे उत्तर आपल्याला आवडलेलं असतं, त्याला कोणी उलटे प्रश्न विचारत नाही.

पुढच्या वर्षी प्रियांका ते आकडे घेऊन टेबलाशी बसली आणि तिची साडेसाती सुरू झाली. खरी फणी सपाट येईना. मधले दात ठीक, कडेचे कुठे उंच कुठे खोल, मोडक्या कुंपणासारखे. तिने तारा बदलल्या, जोड पुसले, मॉड्युलेटर गरम होऊन सरकतो की काय म्हणून पहारा दिला. सगळं उलगडून पुन्हा मांडलं. आठवड्यांचे महिने झाले. सर शांत माणूस, पण प्रस्ताव त्यांच्या डोक्यावर बसलेला. एकदा सगळ्यांसमोर ते बोलून गेले की संगणकात जमतं आणि टेबलावर जमत नाही, म्हणजे हात तपासायला हवा. बोलणं विसरले असतील. प्रियांका विसरली नाही. आपल्या मैत्रिणीचा आकडा चुकू शकतो, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. गौरजेला खोटं बोलता येत नाही, तशीच ती चुकत नाही, अशी तिची समजूत. म्हणजे उरला तो आपलाच हात.

गौरजेला सत्य कळलं ते गणेशचतुर्थीच्या तोंडावर. घरी पाहुणे येणार म्हणून भाईंनी नवा दणदणीत इन्व्हर्टर बसवून घेतला होता. प्रबंध दिवाळीनंतर द्यायचा होता, त्यातली चित्रं नीट यावीत एवढ्याचसाठी गौरजेने ठिपके दाट करून तोच प्रोग्रॅम चालवला. फणी बदलली. कडा कोसळल्या. तिने ठिपके आणखी दुप्पट केले, आणि या वेळी काहीही बदललं नाही. म्हणजे हे खरं होतं. आधीचं, इस्त्री केलेलं, ते चढून बसलेल्या दातांचं सोंग होतं. पडद्यावर जी मोडकी फणी दिसत होती ती तिने याआधी पाहिली होती. प्रियांकाने पाठवलेल्या प्रत्येक फोटोत हीच होती.

बाहेर भाई गणपतीच्या डोक्यावरची माटवी, ती लाकडी चौकट, बांधत होते आणि फळं टांगायला तिला हाका मारत होते. ती गेली. सुतळीने रानातली कवंडळं बांधली, आंब्याचे टहाळे बांधले. सरांना आजच फोन करायचा, असं तिने ठरवलं. मग ठरवलं, सणाच्या दिवसांत नको. एवढ्या एका 'नको'मध्ये पुढचे सगळे महिने मावले.

कारणं तिच्यापाशी होती, आणि सगळी खरी होती. पीएच.डी. झाली की नोकरी कायम होणार होती. सरांचा प्रस्ताव त्याच आलेखावर उभा होता, तो कोसळला तर ते काय म्हणतील? भाईंनी गावभर सांगितलेलं, ते कुठल्या तोंडाने परत घेणार? पण या सगळ्याच्या तळाशी एक साधी, ओशाळवाणी गोष्ट होती. ती हुशार होती. लहानपणापासून तिला दुसरं काही व्हावंच लागलं नव्हतं. जी गोष्ट आपण पहिल्या वर्षाच्या पोरांना बजावतो तीच आपण चुकलो, हे सांगणं तिच्याच्याने होईना. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि तिची मूठ तर स्वतःच्याच नखांनी सोलवटत होती.

चतुर्थीच्या तिसऱ्या दिवशी प्रियांका दर्शनाला आली. आनंदीबाईंनी तिला उकडीचे मोदक वाढले, तिने अर्धाच खाल्ला. मग दोघी मागल्या पडवीत जाऊन बसल्या. प्रियांका बराच वेळ विहिरीकडे बघत राहिली आणि एकाएकी तिचे डोळे भरून आले.

"गौरू, तू खोटा बोलणस नाय म्हणान इचारतंय," ती म्हणाली. "माझोच हात वाकडो आसा मा?"

हीच ती वेळ होती. यापेक्षा सोपी वेळ माणसाला मिळत नाही. प्रश्नच तिच्या पुढ्यात येऊन बसला होता. गौरजेने मैत्रिणीचा हात हातात घेतला. तारांनी बोटांची टोकं खरखरीत झाली होती.

"बसतलो हात," ती म्हणाली. "घाई करू नको."

प्रियांकाने डोळे पुसले आणि बरं वाटल्यासारखी हसली. गौरजेने स्वतःला बजावलं की आपण खोटं बोललो नाही. हात बसेल म्हटलं, वाकडा आहे असं कुठे म्हटलं? घाई करू नको हा तर चांगलाच सल्ला. अशी वकिली करणाऱ्याला स्वतःचा अशील चांगला ठाऊक असतो. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही, आणि आनंदीबाईंनी सणाच्या दगदगीवर त्याचं खापर फोडलं.

प्रियांकाने घाई केली नाही. तिने त्याहून वाईट केलं, जास्त कष्ट केले. दसऱ्याच्या सुमारास, कडेचे दात उचलायला विजेचा दाब थोडा वाढवून बघावा, असं तिच्या मनात आलं. थोडा, मग आणखी थोडा. मॉड्युलेटर जळला. परदेशातून महिनोन्महिने वाट बघून आणलेली ती डबी, तिचा एक क्षणात दगड झाला. सर काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणंच तिला लागलं. तिने चंबूगबाळं उचललं आणि ती तारकर्लीला आली. तुळशीचं लग्न झालं की सोमवारी जाऊन जागा सोडते, दुसऱ्या कोणाला तरी घ्या, असं तिने सरांना कळवून टाकलं. त्यांनी विचार कर म्हटलं, थांब म्हटलं नाही.

हे सगळं तिने फोनवर सांगितलं तेव्हा गौरजा कॉलेजच्या पायऱ्यांवर उभी होती. पहिली चूक लाईटच्या गळ्यात मारता आली असती. ही नाही. मॉड्युलेटर जळला तो तिच्या ठिपक्यांनी नाही, तिच्या मौनाने जळला. हे तिला इतकं स्वच्छ दिसलं की दाट ठिपक्यांवर काढलेली फणीही इतकी स्वच्छ नव्हती. त्या दिवसापासून ती रोज सकाळी सांगायचं ठरवी आणि रोज संध्याकाळी, आज सरांना वेळ नसेल, असं म्हणून निजे. वर्गात पोरं हसली तरी तिला वाटे, आपल्यालाच हसली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी यमुनाबाईंचा फोन आला. तारकर्लीला, वाडीवरच्या देवळात, प्रियांकासाठी गाऱ्हाणं घालायचं होतं. पोरगी उद्या गोव्याला जागा सोडायला जाणार, तिने जेवण टाकलंय, हात बघत बसते. देवाच्या कानावर घालून तरी बघू. तू तिची जिवाभावाची, तू हवीसच. नाही म्हणायला गौरजेपाशी तोंड नव्हतं. ती स्कूटर घेऊन निघाली, आणि सगळा रस्ताभर आज सांगायचंच असं घोकत राहिली. परीक्षेला जाणारी पोरंही इतकं घोकत नाहीत.

देऊळ लहान, समोर माडांची सावली, पलीकडे वाळूवर वर ओढलेल्या होड्या. लवू धुतलेला सदरा घालून उभे होते. वाडीतली दहाबारा माणसं जमली होती. प्रियांका बारीक झाली होती. तिने गौरजेला बघितलं आणि जवळ येऊन तिला खेटून उभी राहिली, जणू आता पडणार नाही याची सोय झाली. गौरजेला तो स्पर्श सोसवेना.

गाऱ्हाणं घालणारे गंगाराम वाडीतले जुने मानकरी. देवाशी कसं बोलायचं हे त्यांना कोणी शिकवायला नको. त्यांनी नारळ समोर ठेवला, हात जोडले आणि आवाज लावला. या भागातल्या गाऱ्हाण्याची रीत अशी, की मानकरी एकेक मागणं देवापुढे मांडतो आणि जमलेली सगळी माणसं त्याच्यावर 'व्हय म्हाराजा' म्हणून आपली साक्ष देतात. गप्प राहायचं नसतं. जो तिथे उभा आहे, त्याने होय म्हटलं पाहिजे.

"बा देवा म्हाराजा," गंगाराम म्हणाले, "आज लवूच्या चेडवान तुझ्या पायाकडे नारळ ठेयलो हा."

"व्हय म्हाराजा." गौरजेनेही म्हटलं.

"थंय गोव्याक ती उजेडाचा काय ता काम करता. ता तिका साधना नाय."

"व्हय म्हाराजा."

"तिच्या हातान काय चूक झाली असात, ती पोटात घाल, आणि तिच्या हाताक येस दी."

सगळे म्हणाले. लवू म्हणाले, यमुनाबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या. शेजारी प्रियांका स्वतःच्या जोडलेल्या हातांकडे बघत म्हणाली. गौरजेने तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. चतुर्थीला 'नाही' म्हणायचं होतं तेव्हा तिने ते टाळलं होतं. आता 'होय' म्हणायचं होतं आणि ते देवासमोर म्हणायचं होतं. गंगाराम पुढच्या मागण्याकडे वळणार, एवढ्यात ती पुढे झाली.

"रवा, आजोबा," ती त्यांना थांबवत म्हणाली. "चूक तिच्या हाताची नाय. चूक माझी आसा. माझा नाव घेवन गाऱ्हाणा घाला."

माणसं बघत राहिली. गंगाराम मात्र गडबडले नाहीत. देवळात उभं राहून माणसं काय काय बोलतात ते त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकलं असणार. काय चूक, एवढंच त्यांनी विचारलं. गौरजेने सांगितलं. ठिपके विरळ घेतले, फणी खोटी निघाली, तेच खोटे आकडे हिला दिले. जे कधी जमण्यासारखंच नव्हतं ते जमवायला ही वर्षभर झिजली. ठिपक्यांचं कोणाला काही कळलं नसेल. खोटे आकडे दिले, एवढं सगळ्यांना कळलं. प्रियांकाला मात्र सगळंच कळलं. तिने एकदम वर बघितलं, आणि मनातल्या मनात काहीतरी जुळवलं.

"म्हणजे माझो हात बरो आसा?" तिने विचारलं.

"तुझो हात बरोच होतो गो."

प्रियांका रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. गंगारामांनी पुन्हा हात जोडले. वालावलच्या या चेडवाने हिशेबात चूक केली, तिचा भोग लवूच्या चेडवाला भोगावा लागला, ती चूक पोटात घाल आणि दोघींना एक ठेव, असं त्यांनी आपल्या बोलीत, आपल्या ठसक्यात देवाला सांगितलं. 'व्हय म्हाराजा' सगळ्यांनीच म्हटलं, पण सर्वांत मोठा आवाज प्रियांकाचा होता. यमुनाबाईंनी गौरजेचा चेहरा दोन्ही हातांत धरून कुरवाळला. असंय होय, एवढंच ना, माणूस चुकतोच की, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. चतुर्थीपासून पहिल्यांदाच गौरजेला पोटभर श्वास घेता आला. इतकं सोपं होतं, आणि आपण एवढे दिवस काढले, याचीच तिला लाज वाटली.

लवूंचं म्हणणं पडलं की गोव्याच्या सरांच्या कानावर हे आत्ताच जायला हवं, उद्याची वाट कशाला. प्रियांकाने गौरजेच्या दंडात हात अडकवला आणि तिला माडाच्या सावलीत नेलं. फोन लाव, मला ऐकायचंय सर काय म्हणतात ते, असं ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. एम.एस्सी.च्या दिवसांतली प्रियांका परत आली होती.

गौरजेने फोन लावला आणि आवाज मोठा केला. सरांनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले. जाणकार माणूस, तिसरा विचारावा लागला नाही. मग म्हणाले की प्रियांकाला सांग, जागा तिचीच आहे, तिने उद्या यावं. तिच्याबद्दल मी जे बोललो त्याची माफी मी तिला समोर बसून मागेन. प्रियांकाने तोंडावर हात दाबला. यमुनाबाईंना काही कळलं नाही, पण लेकीकडे बघून त्यांनी देवळाच्या दिशेने हात जोडले. इथे फोन ठेवला असता तर चाललं असतं.

"बरं, गौरजा," सर सहज म्हणाले, "हे तुझ्या लक्षात कधी आलं?"

काल, असं म्हणता आलं असतं. एकच शब्द होता, आणि त्याला कोणी साक्षीदार नव्हता. दंडात अडकलेला प्रियांकाचा हात ऊबदार होता. काल म्हटलं असतं तर तो तिथेच राहिला असता, जन्मभर. देवळात जी चूक सांगितली ती चूक होती. जे सांगितलं नव्हतं तो गुन्हा होता, आणि देवासमोरही तिने त्याला अलगद बगल दिली होती. हे तिला आत्ता, फोन कानापासून लांब धरून उभी असताना कळलं. समोर प्रियांका, ओल्या पापण्यांनी, तिच्याकडे भरवशाने बघत होती.

"चतुर्थीच्या आधी, सर," गौरजा म्हणाली.

मग सर हळूच म्हणाले, "म्हणजे मॉड्युलेटर जळायच्या आधी." त्यांनी ते विचारलं नव्हतं. उद्या बोलू, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

प्रियांकाने दंडातला हात काढून घेतला. झटक्याने नाही, सावकाश, जोड सोडवताना तार तुटू नये म्हणून ती जशी जपून सोडवायची तसा. ती गौरजेकडे बघत राहिली, आणि गौरजेला तिच्या चेहऱ्यावर एकेक आठवण येताना दिसली.

"चतुर्थीक मी तुका इचारलेलंय," प्रियांका म्हणाली.

"व्हय."

"मागल्या पडवीत. तू माझो हात हातात घेतलंस."

"व्हय."

तिने आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं, ओरडली असती, तर गौरजेला सोपं गेलं असतं. यमुनाबाई तेवढ्यात वाटीत फोडलेल्या नारळाचं खोबरं घेऊन आल्या. दोघींमध्ये काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी एक तुकडा लेकीच्या हातावर ठेवला, एक गौरजेच्या. खा गो बाय, देवाने सगळं पोटात घातलंय, आता मनात काही ठेवू नको, असं त्या गौरजेला मायेने म्हणाल्या.

प्रियांकाने खोबऱ्याचा तुकडा मुठीत धरला आणि ती घराच्या वाटेला वळली.

"देवान पोटात घातल्यान आये," ती जाता जाता म्हणाली. "मी नाय घालूक."

यमुनाबाई एकदा लेकीकडे, एकदा गौरजेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी, काय झालं गो, असं हळूच विचारलं, आणि गौरजेला ते पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.